अमळनेरचा दाखला आणि हरवलेल्या कंपन्या : छोट्या कंपन्यांच्या समभागांतील दीर्घकालीन गुंतवणूक-विचाराची चिकित्सा

सारांश

छोट्या कंपन्यांचे समभाग विकत घेऊन ते दीर्घकाळ राखून ठेवल्यास मोठी संपत्ती निर्माण होते, हा विचार गुंतवणूकविषयक लेखनात जवळजवळ सिद्धान्ताच्या पातळीवर पोहोचला आहे. प्रस्तुत लेखात या विचाराची तीन अंगांनी तपासणी केली आहे : त्याचा आधार मानले जाणारे ग्रंथ प्रत्यक्षात काय सांगतात, संशोधनाचा पुरावा कशाला दुजोरा देतो आणि भारतीय बाजाराचा अनुभव काय आहे. हा विचार सर्वस्वी खोटा नाही. मात्र त्याचा हिशेब अपुरा आहे. बुडालेल्या व बेपत्ता झालेल्या कंपन्या त्या हिशेबात धरल्या जात नाहीत आणि ‘दीर्घकाल’ या शब्दाला मुदत नसल्याने तो कधीच खोटा ठरू शकत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : समभाग, छोट्या कंपन्या, दीर्घकाल, परतावा, तरलता, गायब कंपन्या.

प्रास्ताविक

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत व अनुदानित संस्थांत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानावर आधारित योजना लागू झाली. पुढे या व्यवस्थेत फेरबदल झाले, नवे पर्यायही आले. तथापि निवृत्तीनंतरच्या उत्पन्नाची चिंता स्वतः वाहिली पाहिजे, ही जाणीव त्या निर्णयाने मध्यमवर्गीय नोकरदाराच्या मनात कायमची रुजवली. महाविद्यालयीन अध्यापक त्याला अपवाद नाही. मुदत ठेव आणि भविष्य निर्वाह निधी यांपलीकडे न पाहणारा हा वर्ग गेल्या दोन दशकांत म्युच्युअल फंड आणि समभाग यांकडे वळला. या वळणावर त्याला जी शिकवण सर्वाधिक ऐकू येते ती अशी : आजची छोटी कंपनी उद्याची मोठी कंपनी असते, ती ओळखा, विकत घ्या आणि विसरून जा.

‘छोटी कंपनी’ या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट केला पाहिजे. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ मधील परिपत्रकानुसार एकूण बाजारमूल्याच्या उतरत्या क्रमाने पहिल्या १०० कंपन्या मोठ्या, १०१ ते २५० या मध्यम आणि २५१ व्या क्रमांकापासून पुढच्या सर्व छोट्या (‘स्मॉल कॅप’) समजल्या जातात. म्हणजे या वर्गाला वरची सीमा आहे, खालची नाही. काही हजार कोटी रुपये मूल्याची सुस्थिर कंपनी आणि जिचे समभाग आठवडाभर हातोहात फिरत नाहीत अशी कंपनी, या दोघीही एकाच नावाने ओळखल्या जातात. या विचारातील संदिग्धतेचा प्रारंभ येथूनच होतो.

आधारग्रंथांचे अर्धे वाचन

या विचाराच्या समर्थनार्थ तीन ग्रंथकारांची नावे सातत्याने घेतली जातात. बेंजामिन ग्रॅहम यांचा ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ हा ग्रंथ १९४९ मध्ये, फिलिप फिशर यांचा ‘कॉमन स्टॉक्स अँड अनकॉमन प्रॉफिट्स’ १९५८ मध्ये आणि पीटर लिंच यांचा ‘वन अप ऑन वॉल स्ट्रीट’ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिघांची भूमिका एकच आहे असे मानण्याचा प्रघात असला, तरी मूळ प्रतिपादन पाहता त्यांच्यात महत्त्वाचे अंतर आढळते.

ग्रॅहम यांनी गुंतवणूकदारांचे दोन वर्ग कल्पिले. ज्याला या कामासाठी वेळ आणि कष्ट द्यायचे नाहीत, त्या ‘बचावात्मक’ गुंतवणूकदाराने मोठ्या, नामांकित आणि सावध अर्थरचना असलेल्या कंपन्यांतच राहावे, असे त्यांचे मत होते. दुय्यम कंपन्यांकडे ‘उद्यमशील’ गुंतवणूकदाराने वळावे, तेही समभाग वाजवी मूल्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळत असतील तरच, अशी अट त्यांनी घातली. वर्गातील तासिका, उत्तरपत्रिका आणि मूल्यांकनाची कागदपत्रे यांतून वेळ काढणारा अध्यापक यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. ग्रॅहम यांचा हवाला देऊन त्याला छोट्या कंपन्यांकडे वळवणे मात्र त्यांच्या विचाराला धरून नाही.

फिशर यांचे नाव ‘कधीही न विकण्या’च्या सल्ल्याशी जोडले गेले आहे. निवड अचूक झाली असेल तर विक्रीची वेळ जवळजवळ येतच नाही, असा त्यांचा अभिप्राय होता, हे खरे. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी विक्रीची तीन कारणेही मान्य केली आहेत : मूळ निवडच चुकली असल्याचे लक्षात येणे, कंपनी पूर्वीच्या कसोट्यांना उतरेनाशी होणे आणि अधिक चांगली संधी उपलब्ध होणे. शिवाय त्यांची निवडपद्धती पंधरा मुद्द्यांची होती. कंपनीचे पुरवठादार, ग्राहक, स्पर्धक, माजी कर्मचारी यांच्याकडून माहिती गोळा केल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत. आपल्याकडे या प्रतिपादनाचा ‘विकू नका’ हा उत्तरार्ध उचलला गेला आणि ‘इतके कष्ट घेतले असतील तर’ हा पूर्वार्ध गळून पडला.

लिंच यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९७७ मध्ये त्यांनी मॅगेलन फंडाची सूत्रे घेतली तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे २ कोटी डॉलर होती. १९९० मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा ती सुमारे १४ अब्ज डॉलरवर गेली होती. दसपट वाढणाऱ्या समभागाची त्यांची कल्पना जगभर लोकप्रिय झाली. मात्र त्यांनी कंपन्यांचे सहा प्रकार पाडले होते. वेगाने वाढणाऱ्या छोट्या कंपन्या हा त्यांतील एक प्रकार असून, अपुऱ्या भांडवलाची अशी कंपनी दिवाळखोरीत जाऊ शकते, हा इशाराही त्यांनी दिला होता. घेतलेल्या कंपनीची कहाणी दर काही महिन्यांनी पुन्हा तपासावी, हा त्यांचा आग्रह होता. ‘विसरून जा’ या सल्ल्याशी त्याचा मेळ बसत नाही.

अमळनेरचा दाखला

मराठी वाचकाला या विषयातील सर्वांत परिचित उदाहरण खानदेशातले आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी अमळनेर येथे वनस्पती तूप बनवू लागली. १९६६ मध्ये संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी यांनी कारभार हाती घेतला आणि पुढे हीच कंपनी ‘विप्रो’ या नावाने संगणक व्यवसायात जगप्रसिद्ध झाली. अमळनेरमधील अनेक कुटुंबांकडे या कंपनीचे समभाग पिढ्यानपिढ्या राहिले. बक्षीस समभाग आणि विभाजन यांमुळे मूठभर समभागांचे हजारो झाले. हा इतिहास खरा आहे आणि त्याचे कौतुक योग्यच आहे.

प्रश्न आहे तो या इतिहासातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा. पहिली गोष्ट अशी की, १९४६ साली ज्यांनी हे समभाग घेतले त्यांनी तेलगिरणीचे समभाग घेतले होते. संगणक व्यवसायाची कल्पना त्या वेळी कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते. त्यामुळे ‘कंपनी ओळखण्याची दृष्टी’ या सद्गुणाचा पुरावा म्हणून हे उदाहरण वापरता येत नाही. त्या काळी अमळनेरात प्रतिष्ठित उद्योग म्हणजे प्रताप मिल. तेलगिरणी आणि कापडगिरणी यांपैकी कोणती अधिक भरवशाची, असे तेव्हा विचारले असते तर एखाद्या जाणत्यानेही कापडगिरणीकडे बोट दाखवले असते, असे मानण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट, या कथेत मध्येच समभाग विकणारे कोठेच दिसत नाहीत. शिक्षण, लग्न, घर, आजारपण अशा कारणांनी ज्यांना समभाग मोडावे लागले, त्यांचा परतावा कोणी मोजत नाही. लोकप्रिय गणित प्रत्येक बक्षीस समभाग हाती धरून ठेवणाऱ्या एका कल्पित भागधारकाचे असते. संसारी माणसाच्या आयुष्यात असा भागधारक होणे ही चातुर्यापेक्षा परिस्थितीची कृपा अधिक असते.

तिसरी गोष्ट ‘विसरून जाण्या’ची. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही तर असे समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग करण्याची तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. ते परत मिळवता येतात. पण त्यासाठी अर्ज, पुरावे आणि वारसाहक्काची कागदपत्रे सादर करावी लागतात. १ एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी समभागांचे हस्तांतरणही साधारणपणे बंद झाले आहे. तेव्हा आजोबांच्या पेटीतल्या प्रमाणपत्राची कथा आता कायद्याच्या दृष्टीनेही सावधगिरीची कथा झाली आहे.

संशोधनाचा पुरावा

छोट्या कंपन्या अधिक परतावा देतात, या म्हणण्याला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती रॉल्फ बान्झ यांच्या १९८१ मधील निबंधामुळे. न्यूयॉर्क शेअर बाजारातील सुमारे चाळीस वर्षांच्या आकडेवारीवरून, जोखीम हिशेबात घेऊनही लहान कंपन्यांचा सरासरी परतावा मोठ्या कंपन्यांपेक्षा अधिक असल्याचे त्यांनी दाखवले. युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी १९९२ व १९९३ मधील निबंधांतून कंपनीच्या आकाराला परताव्याच्या स्पष्टीकरणात मध्यवर्ती स्थान दिले. लोकप्रिय लेखन येथेच थांबते. संशोधन मात्र थांबले नाही.

डोनाल्ड कीम यांनी १९८३ मध्ये दाखवले की, या अतिरिक्त परताव्याचा जवळजवळ अर्धा भाग केवळ जानेवारी महिन्यात पडतो. टायलर शम्वे यांनी १९९७ मध्ये आणि नंतर व्हिन्सेंट वॉर्दर यांच्यासह १९९९ मध्ये अधिक मूलभूत शंका उपस्थित केली. ज्या कंपन्यांची नावे वाईट परिस्थितीमुळे बाजाराच्या यादीतून काढली गेली, त्यांचे अखेरचे नुकसान आकडेवारीत नीट नोंदलेच गेले नव्हते. ही त्रुटी दुरुस्त केल्यावर नॅस्डॅक बाजारात लहान आकाराचा लाभ शिल्लक राहत नाही, असे त्यांना आढळले. मृतांची नोंद न ठेवता काढलेले आयुर्मान जसे फसवे, तशीच ही सरासरी.

फामा आणि फ्रेंच यांनीच २००७ मध्ये या लाभाचा उगम शोधला. तो सर्व लहान कंपन्यांत समान विखुरलेला नसून, अतिशय वेगाने वाढून मोठ्यांच्या वर्गात गेलेल्या थोड्या कंपन्यांमधून जवळजवळ संपूर्णपणे येतो, असे दिसले. हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांच्या २०१८ मधील अभ्यासाने हे चित्र आणखी व्यापक केले. १९२६ ते २०१६ या काळातील अमेरिकेच्या सुमारे २६,००० समभागांपैकी निम्म्याहून अधिक समभागांनी आपल्या संपूर्ण आयुष्यात अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांइतकाही परतावा दिला नाही आणि बाजाराने निर्माण केलेली निव्वळ संपत्ती सुमारे ४ टक्के कंपन्यांनी निर्माण केली.

येथे एक पद्धतिशास्त्रीय मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. फामा-फ्रेंच पद्धतीत संच दर वर्षी जूनअखेरीस नव्याने रचले जातात. शेकडो कंपन्या एकत्र धरल्या जातात. म्हणजे या संशोधनाने जे सिद्ध केले ते सतत नूतनीकरण होणाऱ्या मोठ्या संचाविषयी. पाच-सात कंपन्या निवडून त्या वीस वर्षे तशाच ठेवणाऱ्या व्यक्तीविषयी त्यातून कोणताही दिलासा मिळत नाही. लोकप्रिय लेखन एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावते.

हा फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्याने वीस छोट्या कंपन्यांत प्रत्येकी १०,००० रुपये, म्हणजे एकूण २ लाख रुपये गुंतवले. वीस वर्षांनी एक कंपनी पन्नासपट झाली, चार कंपन्या चौपट झाल्या, सात होत्या तेथेच राहिल्या आणि आठ बुडाल्या. त्याच्या हाती ७ लाख ३० हजार रुपये येतील. वार्षिक चक्रवाढ दर पडेल सुमारे ६.७ टक्के. पन्नासपट वाढलेल्या कंपनीचा दर स्वतंत्रपणे काढला तर तो २१ टक्क्यांहून अधिक भरतो आणि सांगितला जातो तो हाच. ती एक कंपनी निवडीतून निसटली असती, तर उरलेल्या १ लाख ९० हजारांचे वीस वर्षांत केवळ २ लाख ३० हजार झाले असते. दर वर्षाला जेमतेम १ टक्का. ७ टक्के दराच्या ठेवीने मात्र त्याच काळात २ लाखांचे सुमारे ७ लाख ७४ हजार केले असते. पन्नासपट वाढणारी कंपनी हाती असूनही हा गुंतवणूकदार ठेवीदाराच्या मागेच राहतो.

हरवलेल्या कंपन्या

भारतीय बाजाराचा अनुभव या गणिताला पुष्टी देतो. १९९२ मध्ये भांडवली निर्गम नियंत्रण कायदा रद्द झाला आणि कंपन्यांना समभागांची किंमत स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली. १९९४-९५ आणि १९९५-९६ या प्रत्येक वर्षी सार्वजनिक व हक्कभाग मिळून सतराशेच्या आसपास निर्गम बाजारात आले. वित्तपुरवठा, सागवान लागवड, कोळंबी संवर्धन अशा नावांखाली असंख्य नव्या कंपन्यांनी मध्यमवर्गाची बचत गोळा केली. याच काळात, १९९३ मध्ये, इन्फोसिसचा निर्गम ९५ रुपये दराने आला आणि तो पुरेसा भरलाही नाही. ज्या बाजाराने कोळंबी प्रकल्पांसमोर रांगा लावल्या, त्याच बाजाराने इन्फोसिसकडे पाठ फिरवली. त्या वेळी निवड करणे किती अवघड होते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

पुढे केंद्र शासनाचे कंपनी व्यवहार खाते आणि सेबी यांनी संयुक्तपणे ‘गायब कंपन्यां’चा शोध सुरू केला. लोकांकडून पैसा उभारून नंतर विवरणपत्रे न देणाऱ्या, नोंदणीकृत पत्त्यावर न सापडणाऱ्या आणि ज्यांचे संचालकही मिळत नाहीत अशा २३८ कंपन्या या यादीत नोंदल्या गेल्या. त्यांपैकी काहींचा नंतर माग लागला. परंतु ही यादी निकष पूर्ण करणाऱ्यांचीच होती. कागदोपत्री पत्ता असलेल्या, पण व्यवहार थांबलेल्या कंपन्या तिच्यात आल्याच नाहीत.

प्रादेशिक शेअर बाजारांचा शेवट हा याच कथेचा दुसरा अध्याय. १९८२ मध्ये स्थापन झालेला पुणे शेअर बाजार सेबीच्या २०१२ च्या निर्गमन धोरणानंतर २०१५ मध्ये बंद झाला. देशातील इतर अनेक प्रादेशिक बाजारांचीही तीच गत झाली. केवळ अशा बाजारांत सूचिबद्ध असलेल्या बऱ्याच कंपन्या राष्ट्रीय बाजारांच्या ‘प्रसार मंडळा’वर ढकलल्या गेल्या. तेथे नाव दिसते. नियमित खरेदी-विक्री होत नाही. अशा भागधारकाने संयम सोडलेला नसतो. संयम सोडण्याची सोयच त्याला उरलेली नसते.

हा इतिहास सरला असे मानता येत नाही. २०१२ मध्ये लघु व मध्यम उद्योगांसाठी स्वतंत्र बाजारमंच सुरू झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील सुमारे १२ कोटी रुपयांच्या एका निर्गमासाठी सुमारे ४,८०० कोटी रुपयांची मागणी नोंदवली गेली. अशा घटनांनंतर सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये या मंचावरील निर्गमांचे नियम कडक केले.

दीर्घकालाचे माप

‘दीर्घकाल’ म्हणजे किती वर्षे, हे या विषयावरील लेखनात क्वचितच सांगितले जाते. बीएसई स्मॉल कॅप निर्देशांकाने जानेवारी २००८ मध्ये गाठलेला उच्चांक ओलांडण्यास २०१७ साल उजाडावे लागले. मधल्या पडझडीत त्याने सुमारे ८० टक्के मूल्य गमावले होते. इतकी घट भरून येण्यासाठी ४०० टक्के वाढ लागते. सेन्सेक्सने मात्र २००८ मधील बंद भावाचा उच्चांक नोव्हेंबर २०१० मध्येच पुन्हा गाठला होता. पन्नाशीतील ज्या अध्यापकाने २००८ च्या आरंभी एकरकमी गुंतवणूक केली असेल, त्याची मुद्दल परत दिसू लागेपर्यंत तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर आला असेल, आणि तोवर महागाईने तिची क्रयशक्ती बरीच कुरतडलेली असेल.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हाच निर्देशांक जानेवारी २०१८ मध्ये २०,००० च्या वर होता, मार्च २०२० मध्ये ९,००० च्या खाली आला आणि २०२४ च्या अखेरीस ५५,००० च्या आसपास पोहोचला. तळाशी धीर धरून पैसे घालणाऱ्याला पाच वर्षांच्या आत सहापट फळ मिळाले. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणाऱ्याचे २००८ नंतरचे चित्रही एकरकमी गुंतवणूकदाराइतके वाईट नव्हते. तेव्हा छोट्या कंपन्यांतून लाभ होत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निघतो तो एवढाच की, प्रारंभबिंदू बदलताच ‘दीर्घकाल’ वेगळे उत्तर देतो. निर्देशांकातून दुबळ्या कंपन्या वेळोवेळी वगळल्या जातात, व्यक्तीच्या खात्यातून त्या आपोआप जात नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते.

या विचाराचा सर्वांत गंभीर दोष तार्किक आहे. लाभ झाला तर श्रेय पद्धतीचे. तोटा झाला तर गुंतवणूकदाराने पुरेसा धीर धरला नाही. मुदत न सांगितलेले विधान कोणत्याही पुराव्याने खोटे पाडता येत नाही. त्यामुळे संयम हा सद्गुण सल्लागाराची जबाबदारी वाचकाच्या माथी ढकलण्याचे साधन बनतो.

समारोप

या चिकित्सेनंतर जे उरते ते कमी महत्त्वाचे नाही. छोट्या कंपन्यांना भांडवल मिळणे ही अर्थव्यवस्थेची गरज आहे आणि त्यांतून लाभ मिळवणारेही असतात. तो लाभ मोजक्या कंपन्यांतून येत असल्याने व्यापक संच धरणे ही पहिली अट ठरते. दोन-चार नावांवर विसंबणाऱ्यासाठी हा मार्ग नाही. दुसरी अट बाहेर पडण्याच्या वाटेची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने व्यक्त केलेल्या चिंतेनंतर म्युच्युअल फंड स्मॉल कॅप योजनांचे ‘ताणचाचणी’ निकाल जाहीर करू लागले. संचाचा २५ व ५० टक्के भाग विकण्यास किती दिवस लागतील, हे त्यात दिले जाते. परताव्याच्या तक्त्याइतक्याच लक्षपूर्वक तो आकडा वाचला जावा. तिसरी अट सातत्यपूर्ण तपासणीची : नफा दिसतो पण रोख येत नाही, येणे रक्कम वाढत जाते, प्रवर्तकांचे समभाग तारण पडतात, लेखापरीक्षक मुदतीआधी राजीनामा देतो, ही चिन्हे दिसताच दीर्घकालाचे व्रत मोडणे हाच शहाणपणा. चौथी आणि अखेरची अट वयाची. ज्या रकमेवर निवृत्तीनंतरचे घर चालणार आहे, तिला नऊ वर्षांची प्रतीक्षा परवडत नाही.

अमळनेरच्या भागधारकांची कथा सांगितली जावी. मात्र तिच्याशेजारी २३८ गायब कंपन्यांच्या भागधारकांनाही जागा मिळावी. त्यांनीही छोट्या कंपन्यांत पैसे घातले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांनी प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे जपली असतील. दोघांच्या संयमात फरक दाखवता येत नाही. फरक पडला तो कंपन्यांच्या नशिबात. हा हिशेब पूर्ण मांडला गेला, तरच या विषयावरील लेखन प्रचारातून बाहेर पडून ज्ञानाच्या कक्षेत येईल.